अभिजात मोटार कोणाची?

रांजणगावला औद्योगिक वसाहत आली, पुणे-नगर रस्त्याकडेच्या जमिनींना भाव आला, आणि ज्यांच्या हाती पैसा खेळू लागला त्यांच्यापैकी काहींच्या डोक्यात जुनी मोटार घेऊन ती नव्याने उभी करण्याची हौस शिरली. हौसेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती निवडीबद्दल. शिरूरला काय किंवा दौंडला काय, ‘कोणती गाडी घ्यावी?’ असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते. एखाद्या संस्थानिकाची विलायती गाडी. ती न परवडल्यास जुनी मर्सिडीज. तीही न जमल्यास रुंद टायरांची जीप. फियाटचे नाव काढले तर लोक हसतात. त्या हसण्याचा प्रतिवाद करणे हा या लेखाचा हेतू आहे. साहित्यचर्चेत मोटार कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हापासून ‘अभिजात’ हे विशेषण आपण सढळ हाताने वापरतो आहोत. ते कशाला लावावे आणि का, हा प्रश्न मात्र आपण फारसा विचारत नाही.

संस्थानिकाच्या गाडीचेच पाहा. शिरूर म्हणजे घोडनदीकाठची जुनी लष्करी छावणी आणि बाजारपेठ. दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन आणि भीमेकाठचा ऊस. राजवाड्याच्या पोर्चमध्ये उभ्या राहणाऱ्या मोटारीचा या भूगोलाशी संबंध काय? ती विकत आणता येते, तिच्यावर लाखो रुपये खर्च करता येतात, पण तिच्याबरोबर जी आठवण येते ती उसनी असते. ज्या मोटारीत आपल्या गावातले कोणी कधी बसलेच नाही, तिचे ‘पुनरुज्जीवन’ आपण करतो म्हणजे दुसऱ्याच्या वंशावळीत स्वतःचे नाव घुसडतो.

आता हास्यास्पद ठरलेल्या फियाटकडे वळू. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी काढली. वालचंदनगर म्हणजे दौंडच्या शेजारचा इंदापूर तालुका. साखर आणि मोटार एकाच माणसाच्या डोक्यातून निघाल्या ही गोष्ट आपल्या ऊसपट्ट्याला तरी ठाऊक असायला हवी. फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात अकराशे मालिकेची गाडी तयार होऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगखालचा गिअर, मागे पाटे. १९७० च्या दशकात फियाट हे नाव कागदोपत्री गेले आणि ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव आले. लोकांनी सरकारी आणि कंपनीचे सगळे कागद बाजूला सारून तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले. भाषेच्या अभ्यासकांनी या लोकहट्टाकडे कधी लक्ष दिले आहे का?

पुढची गंमत तर थेट शिरूर तालुक्यातली आहे. खुद्द इटालियन कंपनीचे उत्पादन कालांतराने कुर्ल्याहून रांजणगावला आले. फियाट नावाच्या मोटारींची भारतातील विक्री २०१९ मध्ये थांबली. त्याच कारखान्यात २०१७ पासून जीप नावाची गाडी तयार होते. म्हणजे ज्या नावाला आपण हसतो ते नाव तालुक्याच्या हद्दीत येऊन, नांदून, विझून गेले, आणि आपण मात्र अभिजाततेच्या शोधात राजस्थानचे राजवाडे धुंडाळत आहोत.

ही गाडी होती कोणाची? अँबॅसिडर ही प्रामुख्याने सत्तेची गाडी: कलेक्टर, आमदार, साखर कारखान्याचा चेअरमन. फियाट डॉक्टरची, वकिलाची, अडत दुकानदाराची. नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची, मग गाडी दारात यायची, तिला हार घालायचा आणि पहिली फेरी रांजणगावच्या नाहीतर सिद्धटेकच्या गणपतीला. तालुक्याच्या गावातला मध्यमवर्ग ज्या काळात घडला त्या काळाचा हा चालता-फिरता दस्तऐवज आहे. जीपचा दावाही मी नाकारत नाही. वडापची जीप हा ग्रामीण महाराष्ट्राचा खराखुरा इतिहास आहे. मागच्या फळीवर पाय ठेवून लोंबकळत गेलेल्या माणसांच्या पिढ्या आहेत. पण आमचे हौशी लोक ती जीप घेऊन पहिली गोष्ट करतात ती म्हणजे वडापची प्रत्येक खूण पुसून टाकतात. मग उरतो तो केवळ रुबाब.

इथे मोटारीचा प्रश्न आणि आपला प्रश्न एक होतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वि. स. सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत एक विलक्षण प्रामाणिकपणा आहे: जिथे संहिता अनिश्चित, तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. वाचकाला कळावे, की इथे संपादकाचा हात चालला आहे. आपल्याकडच्या गॅरेजमधून बाहेर पडणाऱ्या चकचकीत गाड्यांत ही रेघ कुठे आहे? पत्रा कुजला तर त्यावर लांबीचे थर, त्यावर कारखान्याने कधी न दिलेला धातूच्या चकाकीचा रंग, आत दुसऱ्याच गाडीचे इंजिन, आणि वर पाटी ‘ओरिजिनल’. पाठचिकित्सेच्या भाषेत याला प्रक्षेप म्हणतात. जुन्या मोटारींच्या जतनासाठी जागतिक संघटनेने केलेली सनद १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर आहे, आणि तिचे नाव ट्यूरिनची सनद. ट्यूरिन हे फियाटचे गाव, हा योगायोगच. तिचा रोख साधा आहे: शक्य तिथे जतन, आणि पुनर्निर्मिती शेवटी.

कायदाही आता हेच बजावतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेल्या खाजगी वाहनाला ‘विंटेज’ म्हणून वेगळा नोंदणी क्रमांक मिळू शकतो. त्यात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पद्मिनी नावाच्या पहिल्यावहिल्या गाड्या आत्ता कुठे ही पन्नाशी ओलांडत आहेत. ज्यांनी इंजिन बदलले त्यांनी स्वतःच्या हाताने हे दार बंद करून घेतले.

म्हणून निवडताना रंग पाहू नये. फियाटला जीपसारखी वेगळी चौकट नाही. बॉडी हीच चौकट. गंज दाराच्या खालच्या पट्टीत, तळाच्या पत्र्यात, जॅक लावायच्या जागी किती खोल गेला आहे ते वाकून, टोचून पाहावे. बंद पडलेले इंजिन परवडते. कुजलेला सांगाडा परवडत नाही. दिसायला कळकट पण एकाच घरात राहिलेली, मूळ कागदपत्रे, जुन्या पावत्या आणि मूळ आसने असलेली गाडी, चार वेळा रंगवलेल्या गाडीपेक्षा केव्हाही श्रेष्ठ. सुटे भाग मिळत नाहीत ही सबब तेवढी खरी नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची गेली. इतकी वर्षे इतक्या टॅक्सी ज्या शहरात धावल्या तिथल्या भंगारबाजारात अजून पुष्कळ काही शिल्लक आहे. दुर्मीळ होत आहेत ते हात. कार्बोरेटर कानाने जुळवणारा मिस्त्री, बाजारात न मिळणारे बुश लेथवर करून देणारा टर्नर, लांबी न भरता पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर. रेल्वे आणि साखर कारखान्यांच्या भोवती असे कारागीर वाढले. आता ते साठी-सत्तरीत आहेत, आणि राजवाड्यातली गाडी आणली की तिच्याबरोबर काम मोठ्या शहरात जाते, यांच्याकडे येत नाही.

तेव्हा दौंडच्या एखाद्या वाड्यामागे ताडपत्रीखाली फियाट उभी असेल तर ती घ्या. काम याच मिस्त्रींकडून करून घ्या, शेजारी एखादा शिकाऊ पोरगा उभा करा. आणि डाव्या दाराचा पत्रा नवा घालावा लागलाच, तर आतल्या बाजूने, गाडी पाहणाऱ्याला हात घालून चाचपता येईल अशा जागी, ते वर्ष आणि त्या डेंटरचे नाव कोरून ठेवा.