दूध एकावर, कंपनी दोनवर

संध्याकाळी सहाला आमच्या ओसरीवर कॅन आपटायला लागले की मी खुर्ची सोडतो. दादा येऊन बसतो, टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या डबीचं बटण दाबतो, आणि ज्या पडद्यावर आत्तापर्यंत हिंजवडीच्या कंपनीचा तक्ता होता तिथं सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ असे रकाने उगवतात. कीबोर्ड तोच, माऊस तोच, पडदाही तोच. खाली मात्र दोन वेगळी यंत्रं आहेत: एक दूध संकलनाचा जुना कॉम्प्युटर, दुसरा माझ्या नोकरीचा लॅपटॉप. सकाळ-संध्याकाळ मिळून चारेक तास पडदा दुधाचा, बाकीचा दिवस कंपनीचा.

पिंपळीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरची, काटेवाडीच्या अलीकडची ही गावं नीरा डाव्या कालव्यावर वाढली. वीर धरणातून आवर्तन सुटलं की पाणी ज्याचा नंबर त्याच्या चारीत. नंबर रात्री दोनला आला तर रात्री दोनला उठून दारं धरायची. शेजाऱ्याच्या चारीत पाणी आहे म्हणून आपल्याला वेगळा कालवा खोदून द्या, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच म्हणतो.

दुकानात जाऊन ‘कॉम्प्युटर घ्यायचाय’ म्हणा. भाव सांगितला जातो तो संचाचा: डबा, मॉनिटर, कीबोर्ड, माऊस. कार्यालयांची खरेदीही बहुतेक संचानंच होते. आता या चौघांचं आयुष्य काही सारखं नसतं. डबा पाच-सहा वर्षांत म्हातारा होतो, नवी विंडोज त्याला झेपत नाही. बरा मॉनिटर दहा वर्षं सहज काढतो. कीबोर्ड चहा सांडेपर्यंत मरत नाही. तरी डबा बदलला की चौघंही बदलायचे, आणि जुने तिघं माळ्यावर. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण माळ्यावर नियम पोचत नाहीत.

मागे एका कार्यालयात कामाला गेलो होतो. कुठलं ते सांगत नाही. एका टेबलावर दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड, दोन माऊस. जुन्या नोंदी जुन्या यंत्रात, नव्या नोंदी नव्यात. बाई चाकाच्या खुर्चीवरून डावीकडे सरकत, नंबर बघत, तोंडानं पुटपुटत उजवीकडे येऊन तो घालत. दोन्ही माऊस काळे, एकाच कंपनीचे. मी उभा होतो तेवढ्यात त्यांनी तीनदा चुकीचा माऊस हलवला आणि तिन्ही वेळा ‘हँग झालं वाटतं’ म्हणाल्या. फाईल ठेवायला टेबलावर जागा नव्हती, ती त्यांच्या मांडीवर होती. त्या टेबलाला दोन हजार रुपयांची एक डबी हवी होती. ती मागायला अर्ज कोणत्या नावानं करायचा, हेच कुणाला माहीत नसावं.

तिचं नाव केव्हीएम स्विच. कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस यांची आद्याक्षरं. हे नाव १९९५ साली सायबेक्स या अमेरिकी कंपनीच्या रेमिजियस शाटास यांनी रूढ केलं. वस्तू त्याआधीपासून होती. पहिल्या डब्या म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’ लिहिलेली, कडकड वाजत फिरणारी मूठ असलेले लोखंडी खोके. गरज होती सर्व्हरच्या खोल्यांत. तिथं वीस यंत्रं, सांभाळणारा एक. वीस मॉनिटर मांडले तर खोली भरते, वीज जळते, आणि बघणारे डोळे दोनच.

पण ते लोखंडी खोकं फिरवलं की एक घोळ व्हायचा. जुने कॉम्प्युटर सुरू होताना आधी कीबोर्ड शोधायचे. सापडला नाही तर पडद्यावर यायचं: कीबोर्ड नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. कशानं दाबायचं, हे त्या लिहिणाऱ्याला सुचलं नसावं. वीज जाऊन आली की ज्या यंत्राकडे मूठ वळलेली असेल ते सुरू होई, बाकीची एफ-वनची वाट बघत ताटकळत. मग डबीत छोटी चिप बसवायला लागले. प्रत्येक यंत्राला ती चिप सांगत राहते की कीबोर्ड आहे, जागेवरच आहे, फक्त आत्ता कुणी काही दाबत नाही. खरा कीबोर्ड तिकडे दुसऱ्याच्या सेवेत असतो. सोज्वळ लबाडी म्हणा, पण अख्खी डबी या लबाडीवर चालते.

पडद्याचंही तेच. मॉनिटर मुका नसतो. तार जोडली की तो कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतो: मी अमुक कंपनीचा, एवढ्या आकाराचा, मला अमुक इतके ठिपके दाखवता येतात. किमान १२८ बाइटांची ही ओळखचिठ्ठी, तिला ईडीआयडी म्हणतात. स्वस्त डबी बटण दाबल्यावर ही चिठ्ठी काढून घेते. कॉम्प्युटरला वाटतं, मॉनिटर गेला. माझी पहिली डबी अशीच होती. दादानं संध्याकाळी बटण दाबलं की माझ्या लॅपटॉपवरच्या सगळ्या खिडक्या घाबरून छोट्या पडद्यावर एकावर एक येऊन पडायच्या. सात-साडेसातला परत बसलो की पाच-दहा मिनिटं घर आवरण्यात जायची. चारीचं दार बंद केलं म्हणून रान आपण रान आहोत हे विसरत नाही. ही डबी मात्र विसरायला लावायची. दुसरी डबी पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन, दुकानदाराला तीन-तीनदा विचारून आणली. ती ओळखचिठ्ठी स्वतःकडे धरून ठेवते. बटण दाबा, परत दाबा, खिडक्या जिथल्या तिथं.

एवढा खटाटोप कशाला, नवा कॉम्प्युटर घेऊन दोन्ही कामं एकावरच करा, असं सांगणारे पाहुणे आमच्याकडे येतात. त्यांना मी मागची बाजू दाखवतो. फॅट मोजायच्या मशीनची तार नऊ टाचण्यांच्या सिरियल पोर्टात जाते, आणि ते तोंड नव्या लॅपटॉपला नसतं. मधे जोडणीचा तुकडा लावून चालतं म्हणतात. आम्ही लावून बघितला. दोन दिवस चाललं, तिसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर माणसं आणि मशीन गप्प. दूध थांबत नाही, तापतं. त्या दिवसापासून चालत्या यंत्राला हात लावायचा नाही, असं घरात ठरलंय. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर दुधाचा हिशेब टाकणं मला पटत नाही, कंपनीला तर नाहीच.

आणखी एक कारण गावाकडचं. वीज जाते. बावीस इंची एलईडी मॉनिटर वीस-पंचवीस वॉट खातो. दोन लावले तर इन्व्हर्टरवरचा तेवढा भार दुप्पट, आणि संध्याकाळचं संकलन नेमकं वीज नसतानाही उरकावं लागतं.

आता मराठीची गंमत. कीबोर्ड एक असला तरी अक्षर तो बनवत नाही. तो फक्त सांगतो, अमक्या जागेवरचं बटण दाबलं. त्याचं क करायचं की ख, हे पलीकडचं यंत्र ठरवतं. माझ्या लॅपटॉपवर इंग्रजी उच्चारानं मराठी उमटतं. दादा इनस्क्रिप्टवर शिकलाय. एकदा त्याच्या यंत्रावर सूचना टाईप करायला बसलो. ‘पाणी’ म्हणून पी-ए-एन-आय दाबलं, उमटलं ‘जोलग’. दादा मागून म्हणाला, “आरं, कुठल्या गावचं हाय हे?” इनस्क्रिप्टमध्ये पीच्या जागी ज, एच्या जागी ओकार, एनच्या जागी ल, आयच्या जागी ग असतो, म्हणून हे गाव वसलं. आता मी दुधाच्या यंत्रावर मराठी लिहीत नाही, त्याला सांगतो.

याहून मोठी फजिती गेल्या पावसाळ्यात झाली. संकलन चालू, पडदा दुधाचा, मी शेजारी लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर मीटिंगमध्ये. दादा कॅनमध्ये डिग्री बघायला उठला. मीटिंगमध्ये विचारलं काम कधी देतोस, आणि मी लॅपटॉपकडे बघत सवयीनं टेबलावरचा मोठा कीबोर्ड ओढला. उत्तर लिहिलं की १५ तारखेपर्यंत देतो, एंटर दाबला. डबी एकावर होती. काटा बंद पडला तर लिटर हातानं घालायची त्या प्रोग्रॅममध्ये सोय आहे, आणि तो रकाना अक्षरं घेत नाही, आकडे तेवढे घेतो. छोट्या प्रिंटरमधून पावती सरकली: पंधरा लिटर. समोरच्या काकांच्या कॅनमध्ये सहा. काकांनी पावती उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “एवढं माझी गाय सणालाबी देत न्हाई.” नोंद दुरुस्त झाली. तेव्हापासून डबीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंय: एक दूध, दोन कंपनी. काही डब्यांवर स्क्रोल लॉक दोनदा दाबूनही यंत्र बदलतं. आयुष्यात कुणी न वापरलेल्या त्या बटणाला तेवढंच काम. मी ती सोय बंद ठेवलीय. दार कुठल्या चारीचं उघडं आहे ते दिसलं पाहिजे, त्यासाठी हातानं दाबायचं बटण बरं.

याच प्रश्नाची उलटी बाजू एकदा बंगळुरूत पाहिली गेली. मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या संशोधन केंद्रातल्या उदय सिंग पवार, जॉयोजित पाल आणि केंटारो टोयामा यांनी २००६ मध्ये खेड्यातल्या शाळांवर काम मांडलं. (आडनाव वाचून बारामतीकरांनी लगेच नातं जोडू नये.) त्यांना दिसलं ते आपल्याला पाठ आहे: एक कॉम्प्युटर, भोवती पोरांचं कोंडाळं, आणि माऊस एकाच्याच हातात. त्यांनी एका कॉम्प्युटरला अनेक माऊस जोडले आणि प्रत्येकाला पडद्यावर वेगळ्या रंगाचा बाण दिला. आमच्याकडे यंत्रं जास्त, हात एक. तिकडे हात जास्त, यंत्र एक. दोन्हीकडे सामान भरपूर विकत घेण्याऐवजी जोडणी बदलली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

डबीशिवायही हे जमतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. खरं आहे, पण अर्धं. सिनर्जी हा प्रोग्रॅम २००१ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचा माऊस विदाउट बॉर्डर्स २०११ चा, ॲपलचा युनिव्हर्सल कंट्रोल २०२२ पासून मॅकमध्ये आयताच येतो. यांत माऊस एका पडद्याच्या कडेवरून सरकत दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर जातो. बघायला झकास. पण प्रत्येक यंत्राला स्वतःचा पडदा लागतोच, म्हणजे मॉनिटर वाचत नाही. शिवाय दोन्ही यंत्रं नेटवर्कनं एकमेकांशी बोलायला लागतात. दोन्ही तुमची असतील तर खुशाल बोलू द्या. एक कंपनीचं असेल तर तो प्रोग्रॅम टाकायला परवानगी लागते, आणि ती न देणाऱ्या साहेबाचं या बाबतीत बरोबर आहे. साध्या डबीत दुधाचा कॉम्प्युटर आणि लॅपटॉप शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

काहींना तर डबीचीही गरज नाही. मॉनिटरच्या मागे पाहा. बऱ्याचदा दोन तोंडं असतात, एक एचडीएमआय, एक व्हीजीए, आणि दुसरं कंपनीनं दिलंय हेच घरात कुणाला माहीत नसतं. दोन्ही यंत्रांच्या तारा तिथं लावा, मॉनिटरच्याच बटणानं बदला. कीबोर्ड दोन-तीन यंत्रांशी जोडता येणारा ब्लूटूथवाला मिळतो, त्यावर १, २, ३ अशी बटणं असतात. जुन्या यंत्राला ब्लूटूथ नसेल तर मात्र हे अडतं. आमचं तिथंच अडलं.

तेव्हा या रविवारी नवा संच बघायला बारामतीला निघण्याआधी मॉनिटर फिरवून मागची तोंडं मोजा. डबी लागणारच असेल तर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: बटण दाबल्यावर ईडीआयडी धरून ठेवते का, आणि तुमचा पडदा फोर-केचा असेल तर सेकंदाला साठ चित्रं देते की तीसच. फुल एचडी पडद्याला दुसरा प्रश्न विचारायचं कारण नाही. पहिल्याचं उत्तर ‘चालतंय की’ असं आलं, तर पुढच्या दुकानात जा.

– वायरमन