जंत दिसले नाहींत, म्हणजे नाहींतच काय ?

“मीं चोर पाहिला नाहीं” असें एका साक्षीदारानें सांगितलें, एवढ्यावरून चोरी झालीच नाहीं असा निकाल कोणीही विचारी न्यायाधीश देणार नाहीं. साक्षीदार तेथें किती वेळ होता, उजेड होता काय, हें तो प्रथम विचारील. पोटांतील जंतांच्या निर्मूलनाच्या कामीं हा साधा विवेक सुटूं नये, म्हणून हा लेखप्रपंच.

सन २०१५ पासून आपल्या देशांत राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींस अल्बेंडाझोल हें औषध देण्यांत येतें. हें कार्य सर्वथा स्तुत्य आहे. परंतु औषध वर्षांतून किती वेळां द्यावें व केव्हां थांबवावें, हें ठरवावयाचें तें शौचाच्या तपासणीवरून. त्यासाठीं रूढ असलेल्या काटो-काट्झ पद्धतींत काचपट्टीवर अवघें ४१.७ मिलिग्रॅम शौच घेतात, सूक्ष्मदर्शकाखालीं अंडीं मोजतात आणि त्या संख्येस २४ नीं गुणून एका ग्रॅमचा हिशेब काढतात. अर्थात् ग्रॅमभर शौचांत दहापंधरा अंडीं असलीं, तरी पट्टीवर एकही न सांपडणें सहज शक्य आहे. शिवाय अंड्यांची संख्या रोज सारखी नसते. आणि अंकुशकृमीचीं अंडीं तर पट्टीवरील ग्लिसरिनमुळें तासाभरांत दिसेनाशीं होऊं लागतात. सकाळीं केलेली पट्टी दुपारीं सवडीनें पाहिली, तर आरोपी पसार झालेला असावयाचा !

जंत पुष्कळ असतात तोंवर ही पद्धत बऱ्यापैकीं विश्वसनीय असते. औषधानें ते कमी झाले म्हणजे तिची दृष्टि मंदावते. आणि औषध थांबविण्याचा विचार होतो तो नेमका त्याच वेळीं. ज्या मुलास जंतमुक्त ठरवून घरीं धाडलें, त्याचें रक्त अंकुशकृमि शोषीतच राहतो. मूल वर्गांत पेंगतें आणि मास्तर त्यास आळशी म्हणतात. औषध बंद झालें व उघड्यावरील शौच चालूच राहिलें, तर उरलेले जंत मातींतून पुनः फैलावतात.

उपाय अवघड नाहींत. प्रत्येक नमुन्याच्या दोन पट्ट्या कराव्या; शक्य तेथें दोन दिवसांचे नमुने घ्यावे; पट्टी पाहण्याची वेळ काटेकोरपणें पाळावी; कांहीं पट्ट्या, पहिला निकाल न सांगतां, दुसऱ्या जाणत्या इसमाकडून तपासून घ्याव्या. जंतांचें जनुकद्रव्य ओळखणारी पी. सी. आर. परीक्षा महाग खरी. तथापि औषध थांबविण्याचा प्रश्न असेल तेथें तरी ती अवश्य करावी.

खर्च वाढेल, असा आक्षेप येईल. परंतु तराजू खोटा निघाल्यास सारा हिशेबच खोटा ठरतो, हें आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. गोळ्यांवर खर्च करावयाचा आणि त्यांचें फळ मोजतांना मात्र कुचराई करावयाची, ही काटकसर नव्हे. आरोग्यखात्यानें मुलांस जंतमुक्त ठरविण्यापूर्वीं आपल्या साक्षीदाराची उलटतपासणी करावी, एवढीच आमची मागणी आहे.