इंजिनिअर मंत्री आणि जंगलांतील ग्रामसभा

राज्यकारभार इंजिनिअरांच्या हातीं द्यावा म्हणजे देशाचें भलें होईल, असें मत आमच्या सुशिक्षित वर्गांत दिवसेंदिवस बळावत आहे. वकिलांनीं वाद वाढविले, पुढाऱ्यांनीं भाषणें केलीं. आतां ज्याला पूल बांधतां येतो, धरणाची भिंत किती जाड असावी हें ज्याला आंकडे मांडून सांगतां येतें, त्यालाच मंत्रिपद द्यावें, असें या मताचे पुरस्कर्ते म्हणतात. हें मत आमच्या घराघरांत कां रुजलें तें उघड आहे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत मुलगा इंजिनिअर व्हावा याहून मोठा नवस मध्यम स्थितींतील मराठी कुटुंबानें क्वचितच केला असेल. आणि जी विद्या आपल्या मुलाला अन्न देते ती राज्यालाही तारील, असें वाटणें स्वाभाविक आहे. तें स्वाभाविक असलें तरी बरोबर नाहीं, असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे. आणि चंद्रपूर व गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांच्या अनुभवावरून तें आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रथम या पक्षाचें आराध्य दैवत पाहूं. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांत शिकले, १८८४ मध्यें मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत शिरले, आणि खडकवासल्याच्या तलावावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून त्यांनीं नांव मिळविलें. पुढें १९१२ पासून १९१८ पर्यंत ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूरची बँक, म्हैसूरचें विद्यापीठ, भद्रावतीच्या लोखंडी कारखान्याचा आरंभ, हीं सर्व त्या कारकीर्दीचीं फळें होत. त्यांच्या थोरवीविषयीं वाद नाहीं. परंतु त्यांनीं दिवाणगिरी सोडली ती कोणत्या प्रश्नावर? एकादें धरण फुटलें किंवा एकादा हिशेब चुकला म्हणून नव्हे. ब्राह्मणेतरांना सरकारी नोकऱ्यांत राखीव वाटा असावा कीं नसावा, या प्रश्नावर महाराजांशीं त्यांचा मतभेद झाला. कार्यक्षमतेच्या मापानें मोजणाऱ्या त्या थोर पुरुषाला वाटणीचा प्रश्न आपल्या मापांत बसवितां आला नाहीं. परदेशांतील दाखलाही असाच बोलका आहे. अमेरिकेनें १९२८ मध्यें हर्बर्ट हूव्हर या नाणावलेल्या खाण-इंजिनिअरास अध्यक्ष निवडलें. पुढच्याच वर्षीं तेथील शेअरबाजार कोसळला, मंदी आली, आणि १९३२ मध्यें लोकांनीं त्याला घरीं बसविलें. भुकेल्या माणसाला काय द्यावें व कोणाकडून घेऊन द्यावें, याचें उत्तर खाणींत सांपडत नाहीं.

आतां चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळूं. गडचिरोली जिल्हा १९८२ च्या ऑगस्टांत जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून वेगळा झाला. बाहेरच्या जाणत्या माणसांनीं हा सारा प्रदेश आजवर कोठार म्हणूनच पाहिला. येथील बांबू म्हणजे बल्लारपूरच्या कागद-गिरणीचा कच्चा माल. जमिनीखालचा कोळसा म्हणजे वीजकेंद्राचें जळण. गोदावरी व इंद्रावती म्हणजे इंचमपल्ली व भोपाळपट्टणम् येथील धरणांच्या जागा. आणि सुरजागडचा डोंगर म्हणजे लोखंडाचा ढीग. या योजना आंखणारे लोक आपापल्या विद्येंत निष्णात होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची शक्ति २९२० मेगावॉट आहे, ती कांहीं अडाण्यांची करणी नव्हे. पण देशांतील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची २००९ मध्यें मोजदाद झाली तेव्हां त्याच चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला. धरणांच्या आराखड्यांत पाण्याचा हिशेब होता, विजेचा होता, सिंचनाचा होता. ज्यांचीं गांवें व ज्यांचें जंगल बुडावयाचें त्या माडिया-गोंडांना विचारण्याचा रकाना मात्र नव्हता. तो रकाना १९८० नंतरच्या दशकांत बाबा आमटे यांच्या साथीनें उभ्या राहिलेल्या 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनानें भरला, आणि तीं धरणें आजवर कागदावरच राहिलीं.

आमचे विरोधक म्हणतील, ते इंजिनिअर नोकर होते. इंजिनिअर मंत्री झाला म्हणजे काय घडतें तें सांगा. तेंच सांगतों. धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा हें सुमारें शंभर घरांचें गोंडांचें गांव आहे. २७ एप्रिल २०११ रोजीं त्या गांवीं दोन मंत्री आले. एक केंद्राचे पर्यावरण व वनमंत्री श्री. जयराम रमेश, मुंबईच्या आय्.आय्.टी.चे १९७५ सालचे मेकॅनिकल इंजिनिअर, त्याच संस्थेंतील प्राध्यापकाचे चिरंजीव. दुसरे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण, पिलानी व बर्कली येथें इंजिनिअरिंग शिकलेले व कांहीं काळ अमेरिकेंत तेंच काम केलेले. या दोघांच्या उपस्थितींत ग्रामसभेच्या हातीं एक पुस्तक देण्यांत आलें. तें बांबूच्या वाहतूक-परवान्यांचें पुस्तक होतें. त्या दिवसापासून आपल्या जंगलांतील बांबू तोडून विकण्यास मेंढ्याच्या लोकांना वनखात्याच्या दारीं जाण्याची गरज उरली नाहीं. या दोन जिल्ह्यांत इंजिनिअर मंत्र्यांच्या हातून झालेलें सर्वांत मोलाचें काम आम्ही हेंच समजतों. आणि त्यांत चुना-विटांचा, लोखंडाचा वा गणिताचा लवलेशही नव्हता, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

"मग तर आमचाच पक्ष सिद्ध झाला," असें कोणी म्हणेल. तसें म्हणण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली ही कीं, तें पुस्तक देणगी नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू हें गौण वनोपज ठरवून ग्रामसभेच्या मालकीचें केलें होतें, आणि सुमारें १८०० हेक्टर जंगलावरचा मेंढ्याचा सामूहिक हक्क २००९ मध्येंच मान्य झाला होता. तरीही बांबू हें झाड आहे, असा १९२७ च्या वन कायद्याचा आधार घेऊन खातें परवाना देईना. बांबू हें गवत आहे हें वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थीही जाणतो, आणि वनखात्याचे अधिकारी तर तें शास्त्र शिकूनच अधिकारावर येतात. ज्ञानाचा तुटवडा नव्हता. ज्ञान असून हक्क सोडावयाचा नव्हता, हें दुखणें होतें.

दुसरी गोष्ट अधिक कडू आहे. मेंढ्याच्या समारंभानंतर पांचच दिवसांनीं, २ मे २०११ रोजीं, याच श्री. रमेश यांनीं ओडिशांतील पॉस्को कंपनीच्या पोलाद-कारखान्यासाठीं सुमारें १२५३ हेक्टर वनजमीन देण्यास अंतिम मान्यता दिली. तेथील ढिंकिया व गोबिंदपूर या गांवांच्या पल्लीसभांनीं विरोधाचे ठराव केले होते. ते ठराव कायदेशीर नाहींत, हा राज्यसरकारचा शब्द मंत्रिमहाशयांनीं प्रमाण मानला. आदल्या वर्षीं नियमगिरीच्या डोंगरावर वेदान्त कंपनीला नकार देणारे मंत्री हेच. ताडोब्याच्या शेजारील लोहारा येथील कोळशाच्या खाणीस अडविलें तेंही यांच्याच खात्यानें, आणि चंद्रपुरांत नव्या कारखान्यांस २०१० मध्यें तात्पुरती बंदी घातली तीही याच खात्यानें. त्या दोन कृत्यांबद्दल आम्ही चंद्रपूरकरांच्या वतीनें त्यांचे आभारच मानूं. पण माणूस तोच, पदवी तीच, कायदा तोच. एका गांवाची सभा सन्माननीय ठरली, आणि दुसऱ्या गांवाची सभा अडचणीची ठरली. इंजिनिअरची विद्या या दोहोंतील निवड करीत नाहीं. ती निवड राजकारण करतें.

तिसरी गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. तीन महिने होण्यापूर्वींच, जुलै २०११ मध्यें, श्री. रमेश यांच्याकडून तें खातें काढून त्यांना ग्रामविकास खातें देण्यांत आलें. मेंढ्याचें पुस्तक जर केवळ मंत्र्याच्या मर्जीवर असतें तर तें त्यांच्या पाठोपाठ गेलें असतें. तें टिकलें याचें कारण निराळें आहे. २०१२ च्या सप्टेंबरांत नियम दुरुस्त होऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला, आणि गडचिरोलींत हजाराहून अधिक ग्रामसभांना आज सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. त्याहून मोठें कारण गांवांतच आहे. मेंढ्याच्या लोकांनीं बहुमतानें निर्णय घेणें सोडून सर्वसहमतीचा मार्ग पत्करला, अभ्यासगट चालविले, कायद्याची कलमें वाचलीं, हिशेबाच्या वह्या लिहिल्या. श्री. देवाजी तोफा व श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांनीं या कामांत वर्षानुवर्षें घालविलीं. मापन, नोंद, पडताळा, हे जे इंजिनिअरचे गुण म्हणून आम्ही वाखाणतों, ते गोंडांच्या या लहानशा गांवानें पदवीवांचून आत्मसात केले. मुख्य फरक एवढाच कीं, येथें मोजणारा व भोगणारा एकच होता.

एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाहीं. मंत्री अज्ञ असला तर सचिव व ठेकेदार त्याला नाचवितात. तांत्रिक ज्ञान असलेला मंत्री निदान फसत तरी नाहीं. यांत तथ्य आहे. मंत्र्याला आंकडा वाचतां आला पाहिजे, आणि तज्ज्ञाला उलट प्रश्न विचारतां आला पाहिजे, हें आम्ही मान्य करतों. पण त्यासाठीं पदवीच लागते असें नाहीं. याच चंद्रपूर जिल्ह्यानें महाराष्ट्राला मारोतराव कन्नमवार हा मुख्यमंत्री दिला. विद्यापीठाच्या पदवीवांचून ते १९६२ मध्यें त्या पदावर चढले, आणि त्या पदावर असतांच १९६३ च्या नोव्हेंबरांत वारले. उलट श्री. चव्हाण कऱ्हाडांतून १९९१ मध्यें लोकसभेंत गेले तें बर्कलीच्या प्रमाणपत्रावर गेले असें कोणी म्हणणार नाहीं. त्याच मतदारसंघाचें प्रतिनिधित्व त्यांच्या वडिलांनीं व मातोश्रींनीं केलेलें होतें. तेव्हां 'इंजिनिअर मंत्री' हें जें चित्र आम्ही भिंतीवर टांगतों, त्यांत इंजिनिअर दिसतो आणि मंत्रिपदापर्यंतची वाट झांकली जाते.

हा वाद केवळ पुस्तकी नाहीं. एटापल्ली तालुक्यांतील सुरजागडच्या डोंगरावर सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा २००७ मध्यें दिला गेला. २०१६ च्या डिसेंबरांत तेथें नक्षलवाद्यांनीं कित्येक वाहनें जाळलीं. काम थांबलें, २०२१ मध्यें पुन्हा सुरू झालें, आणि २०२३ मध्यें तेथील उत्खननाची मर्यादा वर्षाला ३० लक्ष टनांवरून १ कोटि टनांवर नेण्यास मान्यता मिळाली. नव्या खाणींच्या विरोधांत तोडगट्टा येथें आसपासच्या गांवांनीं त्याच वर्षीं कित्येक महिने धरणें धरलें. बंदूक घेऊन वाहनें जाळणारा आणि ग्रामसभेंत बसून ठराव करणारा हे दोघे एक नव्हेत. त्यांना एक समजणें हा शासनाचा सर्वांत महागडा प्रमाद होईल. त्या डोंगरांतून लोखंड किती निघेल, रस्ता किती रुंद हवा, धूळ कशी दबावी, हें इंजिनिअरानें अवश्य सांगावें. तो डोंगर खणावा कीं न खणावा, हें ज्यांची देवस्थानें, ज्यांचें तेंदूपान व मोहफूल त्यावर आहे, त्यांना आधीं विचारावें. कायदाही तेंच सांगतो.

म्हणून आमच्या वाचकांना आमची विनंती आहे कीं, मुलाला इंजिनिअर जरूर करा. देशाला त्याची गरज आहे. परंतु तो उद्यां मंत्री झालाच, तर त्यानें किती पूल बांधले हें विचारण्यापूर्वीं, त्यानें कोणत्या गांवाचा नकार वाचून आपली सही मागें घेतली, हें त्याला विचारा.