पूर्ण म्हणता म्हणता अपूर्ण

इंग्रजीतल्या प्रेझेंट परफेक्टला मराठीत ‘पूर्ण वर्तमानकाळ’ हे नाव ज्याने कुणी दिलं, त्याने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना कोड्यात टाकलं, असं माझं ठाम मत आहे. अहो, काम पूर्ण झालं म्हणजे तो भूतकाळ नाही का? मग त्यात वर्तमान आला कुठून? हे वर्गात विचारायची सोय नव्हती. फळ्यावर तक्ता असायचा. हॅव किंवा हॅज, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, आणि मराठीत शेवटी ‘आहे’. मी आंबा खाल्ला आहे. तिने पत्र लिहिले आहे. पाठ करा, मार्क घ्या, पुढे चला.

आता गंमत बघा. घरात कुणी ‘खाल्ला आहे’ म्हणतं का? आपण ‘खाल्लाय’ म्हणतो. पाहुणे ‘आलेत’, मी ‘जेवलोय’, किल्ल्या ‘हरवल्यात’. ‘किल्ल्या हरवल्यात’ असं म्हटलं की ऐकणारा लगेच उशा उचलून बघायला लागतो. ‘हरवल्या होत्या’ म्हटलं की तो जागचा हलत नाही, नुसतं ‘मग?’ विचारतो. ‘आय हॅव लॉस्ट माय कीज’ या वाक्याचं कामही नेमकं हेच. गोष्ट घडून गेली, पण तिचा धागा अजून आपल्या हातात आहे. म्हणजे हा काळ पोरांच्या तोंडात चौथ्या वर्षीच असतो हो! शाळा तो पुस्तकी ‘आहे’मागे लपवून ठेवते आणि मग परका म्हणून शिकवते.

खरी अडचण दोनच ठिकाणी आहे, आणि तिथे मात्र कुणी नीट थांबत नाही.

पहिली ‘काल’ची. आपण खुशाल म्हणतो, ‘कालच पाहिलाय हा सिनेमा’. इंग्रजीत ‘आय हॅव सीन इट यस्टरडे’ चालत नाही. संपलेली वेळ तोंडाने उच्चारली की धागा तुटला, मग मुकाट्याने ‘आय सॉ इट यस्टरडे’. वेळ सांगायची नसेल तरच हॅव.

दुसरी ‘पासून’ची, आणि ही जास्त छळते. ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ हे मराठीत सरळ वर्तमान. इंग्रजी म्हणतं, बाबा रे, सुरुवात मागे झाली ना, मग ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इअर्स’ म्हण. शिवाय आपला एकच ‘पासून’ तिथे दोन शब्दांत वाटलेला. २०१९ पासून असेल तर सिन्स, पाच वर्षं असेल तर फॉर.

हे सगळं आज लिहायचं कारण आमचा भाचा. नोकरीच्या मुलाखतीत तो ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इअर्स’ असं बोलला. समोरच्यांपैकी एकाने हसून वाक्य दुरुस्त केलं. नोकरी मिळाली नाही. कारण तेच होतं की नाही, देव जाणे. पण आपला घात मराठी शाळेने केला अशी भाच्याची खात्री पटली आहे, आणि आता चार वर्षांच्या लेकीला इंग्रजी माध्यमातच घालायचं ठरलंय.

लेक त्याची, निर्णय त्याचा. पण कारण चुकीचं आहे, एवढं मी मामा म्हणून सांगणारच. हेच वाक्य इंग्रजी माध्यमात शिकलेली मंडळीही सर्रास बोलतात, कारण हिंदीतही ‘पाँच साल से’च्या पुढे वर्तमानकाळच येतो. इतकंच काय, जर्मन माणूस इंग्रजी शिकताना हुबेहूब हीच चूक करतो! जर्मनमध्येही ‘दहा वर्षांपासून राहतो’ असा साधा वर्तमानकाळ आहे, आणि त्यांचा हॅवसारखा दिसणारा काळ ‘काल’बरोबर बिनदिक्कत नांदतो. त्याला मात्र ‘तुझं माध्यम कोणतं’ असं कुणी विचारत नाही.

आणि इंग्रजी तरी कुठे एकजीव आहे? जेवण झालं का हे विचारायला ब्रिटिश माणूस ‘हॅव यू ईटन?’ म्हणेल, अमेरिकन बऱ्याचदा ‘डिड यू ईट?’वर भागवतो. जुन्या इंग्रजीत तर येणं-जाणं अशा क्रियापदांना हॅव लागतच नसे, ‘ही इज कम’ म्हणत. ‘तो आला आहे’, शब्दाला शब्द! (आपण तर त्याहून पुढचे. दाराबाहेर पडताना ‘आलोच’ म्हणतो. हे कुठल्या काळात बसवायचं ते बसवा.)

एका बाबतीत मात्र या काळाला मी मानतो. ‘ही हॅज लिव्हड इन धिस हाउस फॉर फॉर्टी इअर्स’ म्हणजे आजोबा आहेत, आत कुठेतरी पेपर वाचत बसले असतील. हॅज काढून नुसतं ‘लिव्हड’ ठेवलं की एक तर त्यांनी घर सोडलं, नाहीतर ते गेले. इतकी बातमी त्या एवढ्याशा हॅजमध्ये असते. आमची आजी मात्र आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली तरी म्हणते, ‘हे घर ह्यांनी बांधलंय’. ते मराठीत अगदी बरोबर आहे. घर उभं आहे ना.