मूल आईजवळ, सही बापाची

परदेशी पासपोर्टची मुलं हा पुण्या-मुंबईच्या बंगल्यांतला विषय, असं आपल्यातल्या बऱ्याच जणींना अजून वाटतं. जुन्नर-आंबेगावात तसं राहिलेलं नाही. द्राक्ष-टोमॅटोच्या पैशावर इथली मुलं इंजिनिअर झाली, अमेरिकेला गेली आणि मंचर-नारायणगावच्या मुली लग्न करून त्यांच्यामागे गेल्या. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, त्यामुळे बहुतेकींना तिथे स्वतः कमावण्याची मुभा नाही. त्यातली एखादी मारहाणीला कंटाळून माहेरी येते तेव्हा कडेवर तिथे जन्मलेलं मूल असतं. तालुक्यातल्या सल्ला केंद्रात अशा बायका माझ्यासमोर बसतात. हुंडा, पोटगी, मारहाण हे आपल्याला पाठ आहे. पण "ताई, बाळाचा व्हिसा संपत आलाय" असं ऐकलं की आपली जुनी कार्यकर्तीसुद्धा गप्प होते.

अमेरिकेत जन्मलेलं हे मूल तिथलं नागरिक. आजोळी ते अंगणात खेळत असलं तरी कायद्याच्या लेखी परदेशी. पर्यटक व्हिसा राहण्यासाठी नसतोच. भारतीय नागरिकाच्या मुलाला प्रवेश व्हिसा मिळतो, पण तो मुदतीचा. त्यातल्या त्यात बरा मार्ग ओसीआय कार्डाचा. आईबापांपैकी एक जण जरी भारतीय नागरिक असला तरी अज्ञान मुलाला ते मिळू शकतं, आणि मग आयुष्यभर व्हिसाची व पोलिसांकडे नोंदणीची कटकट नाही. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण राहता येतं, शिकता येतं. (शाळेसाठी मात्र या कार्डाची वाट पाहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.)

घोडं पेंड खातं ते सहीपाशी. अज्ञान मुलाच्या अर्जाला आई आणि बाप दोघांची संमती मागतात. ती नसेल तर मुलाचा ताबा एकट्या आईकडे असल्याचा कोर्टाचा हुकूम आणा म्हणतात, म्हणजे तारखांवर तारखा. एका मुलीचा नवरा सही द्यायला तयार होता. अट एकच, मारहाणीची तक्रार मागे घे. बाळाचा व्हिसा दोन महिन्यांत संपणार होता. तिने तक्रार मागे घेतली. याला संमती म्हणायचं का?

हे काही आजचं नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परदेशी जन्मलेल्या मुलाला भारतीयत्व मिळायचं ते बापाकडून. आईकडूनही मिळू शकतं हे मान्य व्हायला १९९२ ची दुरुस्ती यावी लागली. हिंदू पालकत्वाच्या १९५६ च्या कायद्यात नैसर्गिक पालक बाप, "आणि त्याच्यानंतर" आई. गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की "नंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नव्हे. तो मुलाची जबाबदारी घेत नसेल तरी आई पालकच. शिवनेरीवर जन्मलेल्या ज्या मुलाला आईने वाढवलं त्याचा अभिमान आपण दरवर्षी मिरवतो, आणि त्याच गडाच्या पायथ्याला आजच्या आईची एकटीची सही चालत नाही!

चालवायची म्हटली तर चालते. भारतीय पासपोर्टसाठी २०१६ च्या अखेरीस नियम बदलले, अर्जात आई किंवा बाप एकाचं नाव पुरेसं झालं. दुसऱ्याची संमती नसेल तर एका पालकाच्या प्रतिज्ञापत्राची सोय आहे. जी सोय मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात आहे तीच ओसीआयला का नको?

"मग बायका मुलं पळवून आणतील," असं उत्तर मिळतं. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही, त्यावरून परदेशी सरकारांचा दबावही असतो. बापाचंही मूल आहे, त्याचं म्हणणं ऐकायलाच हवं. पण ऐकणं वेगळं आणि त्याच्या हाती नकाराचा हुकमी एक्का देणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली नित्या आनंद राघवन खटल्यात मुलाचं हित परदेशी कोर्टाच्या हुकमाच्या वर ठेवलं. माझी मागणी साधी आहे. मूल प्रत्यक्ष आईजवळ असेल तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर अर्ज घ्यावा, बापाला नोटीस द्यावी आणि ठरावीक मुदतीत निर्णय करावा. गटागटांतून गृह मंत्रालयाला असं निवेदन गेलं पाहिजे.

तोवर परदेशी निघालेल्या मुलींना एक गोष्ट सांगू या. तिथे बाळ झालं तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत जन्माची नोंद करता येते, म्हणजे ते भारतीय नागरिक ठरतं. त्यासाठी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते. कोणता पासपोर्ट काढायचा हे बहुतेक घरांत नवरा आणि सासरे ठरवतात, बाळंतीण अजून उठून बसलेलीही नसते. लग्नाआधीच्या मुलींसाठी आपण शिबिरं घेतो, त्यात यापुढे याला अर्धा तास द्यावा. नारायणगावच्या शिबिरापासूनच सुरुवात करता येईल.