त्यायचा किल्ला

वऱ्हाडी माणसाला डोंगर चढायचा झाला की तो आधी सहाशे किलोमीटर सपाटीवरून जातो. हा भूगोलाचा नियम नव्हे, फॅशनचा आहे. आमच्या कामरगावातलेच पाहा ना. दिवाळी झाली, सोयाबीन निघाले, तूर अजून उभी आहे, अशा मोकळ्या दिवसांत पायी भटकणाऱ्या मंडळींची बैठक बसते आणि ठराव होतो: रायगड. मग रात्री गाडीत बसायचे, समृद्धी महामार्गाने पश्चिमेकडे सुटायचे आणि एका दिवसाच्या चालण्यासाठी दोन रात्री बसून काढायच्या. परत आल्यावर कुणाचे पाय दुखत नाहीत, पाठ दुखते. याला पूर्वी सहल म्हणत. आता ट्रेक म्हणतात, त्यामुळे वर्गणी पाचशे रुपयांनी वाढली आहे.

रायगडाला माझा विरोध आहे असे कुणी समजू नये. तसे समजणाऱ्याशी वाद घालण्याइतकी माझी प्रकृती चांगली नाही. रायगडाला जावे, दोनदा जावे, दरबाराच्या जागी उभे राहून डोळे पुसावेत. माझे भांडण फक्त एका वाक्याशी आहे. बैठकीत कुणी चुकून नरनाळ्याचे नाव काढले की ते वाक्य हमखास येते. किराणा दुकानवाले आमचे भाऊ पानाची पिचकारी लांबवर टाकतात आणि म्हणतात, "नरनाळा? तो तं त्यायचा किल्ला आहे नं बावा!"

'त्यायचा' म्हणजे कुणाचा, हे ते सांगत नाहीत. हवेत हात फिरवतात. बाकीचे माना डोलावतात. विषय संपतो आणि गाडी रायगडाकडे लागते.

आता हा नरनाळा कुठे चंद्रावर नाही. मूर्तिजापूर, दर्यापूर करीत अकोट गाठायचे, की समोर सातपुडा निळ्या भिंतीसारखा उभाच असतो. एवढेच काय, १ जुलै १९९८ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्यात होता. त्या दिवशी अकोल्यातून वाशीम जिल्हा निराळा झाला आणि भावाभावांच्या वाटणीत थोरल्याकडे दागिना जावा तसा नरनाळा अकोल्याकडे राहिला. पण तेव्हासुद्धा आमच्या गावात कुणी हळहळल्याचे मला आठवत नाही. असलेला माहीत नव्हता, तर गेलेला कसा कळणार?

गेल्या जानेवारीत, रायगडची गाडी ऐनवेळी मिळाली नाही म्हणून, आमची चौदा माणसे नरनाळ्याला गेली. हौसेने नव्हे, नाइलाजाने. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या रानात आहे, तेव्हा वनखात्याची रीतसर परवानगी, बरोबर गाईड, आणि दिवस मावळायच्या आत खाली, असा सगळा बंदोबस्त. रानात चूल पेटवायला अर्थातच मनाई. त्यामुळे रोडगे आणि वांग्याची भाजी अलीकडेच एका ओळखीच्या मळ्यात उरकावी लागली. पोटात तूप-रोडगे घेऊन गड चढणे हा व्यायामाचा प्रकार कुठल्याही ट्रेकवाल्याच्या पुस्तकात नसेल. सागाच्या वाळक्या पानांवर अठ्ठावीस पावले वाजत होती, आणि वाघ असलाच तर तो हसत असणार.

आणि मग महाकाली दरवाजा आला.

हा दरवाजा मी नुसता 'सुंदर' म्हणून सोडणार नाही. पांढुरक्या वालुकाश्माचा, दगडात कोरलेली कमळे, दोन्ही अंगांना सज्जे, त्यांत जाळ्या, आणि एक जाळी दुसरीसारखी नाही. वर अरबी शिलालेख. साल १४८७. बांधणारा फतहउल्ला इमाद-उल-मुल्क, बहामनी सुलतानाचा वऱ्हाडातला सुभेदार. आमचे भाऊ लेख पाहून विजयी मुद्रेने म्हणाले, "पाह्यलं? मी म्हनत नोतो?"

तर ऐका राजेहो. फरिश्ता नावाच्या जुन्या तवारीखकाराने लिहून ठेवले आहे, की हा फतहउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, कानडी हिंदू घरातला. पोरवयात लढाईत पकडला गेला आणि मुसलमान झाला. पुढे १४९० साली बहामनींपासून फुटून त्याने एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, स्वतःची इमादशाही मांडली. आता हिशेब करा. बांधणारा जन्माने कानडी, धर्माने मुसलमान, चाकर बहामनींचा. लेख अरबी, फुले कमळाची, नाव महाकालीचे. आणि दगड फोडणारे पाथरवट बहुधा याच मुलखातले. यातला 'त्यायचा' भाग कोणता, तेवढ्यावर खडूने खूण करा. तो सोडून बाकीचा आपण पाहू.

भाऊंनी खडू मागितला नाही.

'आपला' आणि 'त्यायचा' हे माप घेऊन किल्ले मोजायला निघालात, तर पंचाईत सह्याद्रीतच होते. शिवनेरीवर महाराज जन्मले तेव्हा तो निजामशाहीत होता, आणि त्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. पन्हाळा शिलाहार भोजराजाचा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आम्ही पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. त्यांतला जिंजी पार तामिळनाडूत आहे. महाराजांनी तो १६७७ मध्ये घेतला, म्हणून तो आपला. अगदी बरोबर! पण मग घेतलेला किल्ला आपला होतो हे एकदा मान्य केलेत, की माझी पुढची गोष्ट ऐकावी लागेल.

नरनाळा पुढे नागपूरकर भोसल्यांकडे होता. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची. नरनाळ्याच्या पायथ्याच्याच मुलखात झालेली. ती हरल्यावर डिसेंबरात देवगावचा तह झाला. त्यात रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या अलीकडचा वऱ्हाड सोडला. काळी कसदार जमीन सोडली. पण गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले, भोवतीच्या थोड्या मुलखासकट, स्वतःकडे ठेवून घेतले. हरलेल्या राजाने ज्यासाठी हट्ट धरला ते आम्ही वर्गणी वाचवायलासुद्धा पाहायला जात नाही.

हे सारे मी दरवाज्यातच, सावलीत उभा राहून सांगितले. पोस्टातून निवृत्त झालेले काका म्हणाले, "मास्तर, तुमी इतिहास शिकोत होते का वकिली करत होते जी?"

वर नऊगजी तोफ आहे. आमच्यातल्या तिघांनी तिची लांबी हातांनी मोजली आणि तीन उत्तरे काढली. पडक्या भिंतीवर मात्र मला सगळ्यात जास्त माणसे भेटली: कुणी तैलरंगात, कुणी खिळ्याने, बदामासकट. कोण कुठल्या गावचा तेही लिहिलेले. वाचून मी थक्क झालो. शिलालेखावर ज्याला 'त्यायचा' म्हणून परकेपणा येतो, त्याच भिंतीवर स्वतःचे नाव ठोकताना तो अचानक मालक कसा होतो? आपला वाटला असता तर पुसायला फडके आणले असते. परका वाटतो म्हणून तर खिळा चालतो. अन् नुसता 'त्यायचा' म्हणून बाजूला काढलेल्या भिंतीची डागडुजी मागायला तरी कोण जाणार? ज्या किल्ल्याला माणूस मागत नाही, तो पिंपळाच्या मुळांना आयताच मिळतो.

उतरताना भाऊ बराच वेळ गप्प होते. शक्कर तलावाशी थांबून त्यांनी फोटो काढला होता, तो त्यांनी उतारावर बायकोला पाठवला. खाली काय लिहिले ते मी खांद्यावरून वाचले: 'आपला नरनाळा.' मी काही बोललो नाही.

यंदाच्या बैठकीत मी गाविलगड मांडला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी तो आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला, आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. हाच वेलस्ली पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला, एवढे सांगितल्यावर पोरे एकदम सरसावली. किराणावाले भाऊ मात्र सावध. "हा बेनीसिंग आपला का त्यायचा?" म्हणाले. मी म्हटले, रजपूत होता, भोसल्यांचे मीठ खात होता. त्यांनी थोडा विचार केला, पान बदलले आणि दोनशे रुपये ॲडव्हान्स काढून दिले. चिखलदऱ्याला डिसेंबरात थंडी सोसत नाही म्हणतात. कानटोपी ज्याची त्याने आणावी, असे ठरले आहे.