धुक्याला बोल कशाला?

दर हिवाळ्यात दिल्लीच्या बातम्या येतात. विमाने खोळंबली, आगगाड्या उशिरा धावल्या. कारण काय, तर दाट धुके. वाचणाऱ्याला वाटते, निसर्गापुढे कोणाचे काय चालणार! माझ्या मते हा धुक्यावर अन्याय आहे.

हवेतील बाष्प थंड होऊन जलबिंदू बनतात, हे तुम्ही भूगोलात शिकता. पण बाष्पाला बिंदू होण्यासाठी कशावर तरी बसावे लागते. १८८०च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन यांनी काचेची दोन पात्रे घेतली. एकात खोलीतील साधी हवा भरली, दुसऱ्यात कापसातून गाळलेली. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेचे पात्र धुक्याने पांढरे झाले. गाळलेल्या हवेचे स्वच्छच राहिले. वाफ तीच, फरक धुळीचा!

आता दिल्लीकडे वळू. मद्रासच्या आय.आय.टी.मधील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. प्लॅस्टिकयुक्त कचरा जाळण्यातून आणि काही उद्योगांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ हवेत येते. तिचा अमोनियाशी संयोग होऊन नवसागराचे सूक्ष्म कण तयार होतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील मिठाला पाणी सुटते ना? तसेच हे कण दमट हवेतील पाणी शोषून फुगतात आणि समोरचे दिसेनासे होते. दिल्लीत दृष्टी अंधूक होण्यात या क्लोराइडचा वाटा सुमारे निम्मा असल्याचा त्यांचा अंदाज आहे.

कोणी म्हणेल, थंडीत वारा पडतो, धूर वर जात नाही, हे हवामानच नव्हे काय? खरे आहे. पण वारा आणि आर्द्रता आपल्या हाती नाहीत, धूर आहे. धुके हा लंडनचा स्वभावच, असे एके काळी मानले जाई. डिसेंबर १९५२मध्ये कोळशाच्या धुराने भरलेले धुके पाच दिवस शहरावर बसले आणि हजारो माणसे दगावली. १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला, घरोघरचा कोळसा हळूहळू गेला, आणि तसले पिवळट धुरके लंडनला आता पडत नाही. लंडनची हवा मात्र पूर्वीइतकीच दमट आहे!

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की हवेचा विषय पुस्तकात ठेवू नये. दोन सारखे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळा. दोन्ही वाचनांतील फरकावरून कोष्टकात सापेक्ष आर्द्रता मिळते. विद्यार्थ्यांनी ती रोज सकाळी वहीत लिहावी. शेजारी, दूरची टेकडी किंवा पाण्याची टाकी दिसते का, आणि आसपास कोठे कचरा पेटला आहे का, याचीही नोंद करावी. हिवाळा संपल्यावर सारख्याच आर्द्रतेचे दिवस निवडून पाहावेत: धुराच्या दिवशी टेकडी अधिक वेळा हरवली का?

उत्तर काय येईल ते तुमची वही सांगेल. पण ते येईपर्यंत शाळेच्या आवारातला पालापाचोळा पेटवू नका. त्याचे खत करा.